कलम बाराची अट

खासगी लष्करी कंपन्यांना शांतिसेनेचे काम द्यावे का, हा वाद कुठेही निघाला की दोन आकडे हमखास पुढे ठेवले जातात. सिएरा लिओनमध्ये एक्झिक्युटिव्ह आउटकम्स या दक्षिण आफ्रिकी कंपनीने एकवीस महिने लढाई केली आणि तिचे बिल झाले सुमारे ३.५ कोटी डॉलर. त्याच देशासाठी संयुक्त राष्ट्रांनी आखलेल्या लहानशा पथकाचा अंदाज होता आठ महिन्यांना ४.७ कोटी डॉलर. कंपनीने युद्ध जिंकून दाखवले, संयुक्त राष्ट्रांचे पथक आलेच नाही, आणि आले असते तरी महागच पडले असते! नव्वदीच्या अखेरीपासून ही जोडी लेखालेखांतून फिरते आहे.

आकड्यांशी माझे भांडण नाही. ते वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या काळातला एक साधा कागद शेवटपर्यंत वाचलेला दिसतो, तक्रार एवढीच. हा कागद म्हणजे ३० नोव्हेंबर १९९६ रोजी आबिजान येथे सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा आणि बंडखोरांचा नेता फोडे सांको यांनी सह्या केलेला शांतताकरार. त्याच्या बाराव्या कलमात या कंपनीचे नाव घातलेले आहे. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या तहात तिसऱ्याच, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचे नाव कलमात यावे, हे क्वचितच घडते. ते कलम नीट लावायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल.

सांको हा सिएरा लिओनच्या लष्करातून बाहेर पडलेला कॉर्पोरल. त्याच्या रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंटने, म्हणजे आरयूएफने, २३ मार्च १९९१ रोजी लायबेरियाच्या हद्दीतून पूर्व सिएरा लिओनमध्ये शिरकाव केला. वर्षभराने, एप्रिल १९९२ मध्ये, राजधानी फ्रीटाउनमध्ये लष्करी उठाव झाला आणि पंचविशीतला कॅप्टन व्हॅलेंटाइन स्ट्रॅसर देशाचा प्रमुख झाला. युद्ध मात्र तसेच चालू राहिले. सैन्य फुगवले गेले, पण पगार वेळेवर होत नव्हते. दिवसा सैनिक आणि रात्री बंडखोर, अशी माणसे दोन्ही बाजूंनी गावे लुटू लागली. जानेवारी १९९५ मध्ये आरयूएफने रुटाइल आणि बॉक्साइटच्या खाणी ताब्यात घेतल्या. परकीय चलनाचा मोठा झरा आटला, आणि बंडखोर फ्रीटाउनच्या अगदी जवळ येऊन ठेपले.

मदतीला कोणी आले नाही. सोमालियातून अमेरिका नुकतीच हात पोळून परतली होती, रुआंडात संयुक्त राष्ट्रांनी ऐन नरसंहारात पथक कमी केले होते. स्ट्रॅसर सरकारने प्रथम निवृत्त गुरखा सैनिक पुरवणारी एक ब्रिटिश कंपनी नेमली. तिच्या तुकडीचा प्रमुख, व्हिएतनाम आणि ऱ्होडेशियात लढलेला अमेरिकन रॉबर्ट मॅकेन्झी, फेब्रुवारी १९९५ मध्ये मालाल टेकड्यांत मारला गेला. कंपनीने गाशा गुंडाळला. मे महिन्यात तिच्या जागी एक्झिक्युटिव्ह आउटकम्स आली.

एबेन बार्लो यांनी १९८९ साली काढलेल्या या कंपनीतली माणसे मोठ्या संख्येने दक्षिण आफ्रिकेच्या लष्करातून, विशेषतः बरखास्त झालेल्या ३२व्या बटालियनमधून आली होती. या बटालियनने वर्णद्वेषी राजवटीसाठी अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेच्या बाजूने लढाया केल्या होत्या. १९९३ पासून त्यातलीच माणसे कंपनीच्या पगारावर अंगोला सरकारच्या बाजूने युनिटाविरुद्ध लढली. बाजू बदलण्याचे हे कसब कंपनीच्या टीकाकारांनी नेहमीच पुढे केले. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही फक्त मान्यताप्राप्त सरकारांसाठीच काम करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

लष्करी कामगिरीबद्दल वाद नाही. दोन-तीनशेच्या आतबाहेर माणसे, सोव्हिएत बनावटीची हेलिकॉप्टरे, काही चिलखती गाड्या आणि शिस्त, एवढ्या भांडवलावर काही दिवसांतच फ्रीटाउनच्या आसपासचा मुलूख मोकळा झाला. ऑगस्टपर्यंत कोनो जिल्ह्यातले कोइडूचे हिऱ्यांचे क्षेत्र परत मिळाले, वर्षअखेर रुटाइलची खाणही. विस्थापित माणसे गावाकडे परतू लागली. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये निवडणुका झाल्या. मतदान करू नये म्हणून आरयूएफने माणसांचे हात तोडले, तरीही लोकांनी रांगा लावल्या आणि कब्बा निवडून आले. ही निवडणूक कंपनीशिवाय झाली नसती, असे म्हणणाऱ्याला खोटे ठरवणे अवघड आहे. १९९५ साली दुसरा कोणीही दारात उभा नव्हता, हे कंपनीच्या बाजूचे सर्वांत बळकट विधान आहे आणि ते मी मान्य करतो.

आता ३.५ कोटींकडे वळू. हे पैसे स्ट्रॅसर सरकारच्या तिजोरीत नव्हते. करार जुळवण्यात अँथनी बकिंगहॅम या ब्रिटिश तेल-खाण उद्योजकाचा हात होता, आणि त्याच्याशी संबंधित ब्रँच एनर्जी या कंपनीला त्याच १९९५ साली कोइडूच्या किंबरलाइट खडकातल्या हिऱ्यांचा खाणपट्टा मिळाला. सुरक्षेचा करार आणि खाणपट्टा यांचा संबंध नाही, दोन्ही वेगळे व्यवहार आहेत, असे कंपन्यांनी वारंवार सांगितले. मात्र लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोडवर ५३५ क्रमांकाच्या इमारतीत बकिंगहॅमचा हेरिटेज ऑइल, ब्रँच एनर्जी आणि पुढे सँडलाइन इंटरनॅशनल ही लष्करी कंपनी, सगळ्यांचा पत्ता एकच होता. कागदावर वेगळ्या असलेल्या कंपन्या एकाच जिन्याने वर जात. वसईच्या तहात तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाची गोष्ट शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला या व्यवहाराचे फारसे नवल वाटू नये.

म्हणजे ३.५ कोटी ही रोकड रक्कम झाली. जमिनीखालचा भाग त्यात धरलेला नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकात जमिनीखालचा भाग कधी नसतोच. इथपासूनच तुलना घसरायला लागते.

कब्बा सत्तेवर आले तेव्हा त्यांच्यापुढे तीन सशस्त्र मंडळी होती. एक, ज्याच्यावर भरवसा नाही असे राष्ट्रीय लष्कर. दोन, पगारी कंपनी. तीन, कामाजोर, म्हणजे दक्षिण-पूर्वेतल्या मेंडे समाजातले परंपरागत शिकारी. गावाच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या शिकाऱ्यांना कंपनीने प्रशिक्षण आणि पाठबळ दिले. त्यांचे संघटक सॅम हिंगा नॉर्मन यांना कब्बांनी उपसंरक्षणमंत्री केले. सैनिकांना हे उघड दिसत होते की, सरकार आपल्याला बाजूला सारून भाडोत्री आणि शिकारी यांच्यावर विसंबते आहे. त्यातच नाणेनिधीच्या आग्रहाने खर्चकपात आली आणि सैनिकांच्या तांदळाच्या शिध्याला कात्री लागली. फ्रीटाउनच्या बराकीत पोत्यातला तांदूळ म्हणजे पगाराचाच एक हिस्सा असतो. तो कमी झाला की बायकापोरांच्या ताटात लगेच दिसतो.

ऑक्टोबर १९९६ मध्ये, वाटाघाटी चालू असतानाच, कंपनीच्या पाठबळावर कामाजोरांनी आरयूएफचे झोगोडा हे मुख्य ठाणे उद्ध्वस्त केले. सांको तेव्हा आबिजानमध्ये होता. महिन्याभराने त्याने सही केली. जंगलात हरलेल्या माणसाने मेजावर काय मागून घेतले, ते बाराव्या कलमात आहे.

कलमाचा आशय असा. तटस्थ देखरेख पथक तैनात झाल्यापासून पाच आठवड्यांनी एक्झिक्युटिव्ह आउटकम्सला माघारी घेण्यात येईल. पथक आल्याच्या दिवसापासून कंपनीची माणसे बराकीत राहतील, आणि त्यांच्यावर संयुक्त व तटस्थ अशा दोन्ही देखरेख पथकांची नजर असेल. इतर परकीय सैन्यही ठरावीक मुदतीत मायदेशी परत पाठवण्यासाठी सरकार आपल्या आंतरराष्ट्रीय करारबंधनांना धरून सर्वतोपरी प्रयत्न करील.

वाचताना क्रम लक्षात घ्यावा. आधी तटस्थ पथक, मग बराक, मग पाच आठवडे, मग माघार. घड्याळ सुरू होण्याची खूण एकच, पथकाचे आगमन. मसुदा करणाऱ्याला पोकळी राहू द्यायची नव्हती हे उघड आहे. एक पहारेकरी जाण्यापूर्वी दुसरा उभा असलाच पाहिजे, अशी ही अट आहे.

ते पथक आले नाही. जानेवारी १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी ७२० सैनिकांचा प्रस्ताव मांडला. पहिल्या परिच्छेदातला ४.७ कोटींचा आकडा याच पथकाचा. सांकोने एवढ्या संख्येला हरकत घेतली, सुरक्षा परिषदेतल्या बड्या देशांनाही घाई नव्हती, आणि प्रस्ताव तिथेच विरला. कलमाच्या शब्दाप्रमाणे कंपनीची माघार सुरू होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तरीही जानेवारीअखेर कंपनी निघून गेली.

त्यामुळे ‘शांतताकरारामुळे कंपनीला जावे लागले’ हे अनेक लेखांत येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. करारातली अट पुरी झालेलीच नव्हती. कंपनी गेली ती सरकारला तिचे पैसे झेपत नव्हते म्हणून, कर्ज देणाऱ्यांना हा खर्च खुपत होता म्हणून, आणि तहात एकदा नाव आल्यावर तिला ठेवून घेणे कब्बांना राजकीयदृष्ट्या जड जात होते म्हणून. राष्ट्रीय लष्कर पैसे थकले तरी देश सोडून जात नाही, फार तर बंड करते. कंपनी बंड करत नाही. ती निघून जाते. सिएरा लिओनच्या वाट्याला चार महिन्यांत दोन्ही आले.

२५ मे १९९७ रोजी लष्कराने उठाव केला. मेजर जॉनी पॉल कोरोमा याला तुरुंगातून सोडवून प्रमुख नेमण्यात आले आणि त्याने आरयूएफला सत्तेत भागीदार व्हायला राजधानीत बोलावले. आम्ही गेलो तर शंभर दिवसांत उठाव होईल असे कंपनीने कब्बांना बजावले होते, ही गोष्ट कंपनीच्या चाहत्यांत फार सांगितली जाते. जानेवारीच्या अखेरच्या दिवसापासून मोजले तर उठाव ११४व्या दिवशी झाला. भाकिताचा गाभा त्याने खोटा ठरत नाही. पण नंतर घासूनपुसून गोल केलेल्या गोष्टी कशा ओळखाव्यात, याचा हा बरा नमुना आहे.

कायदा या सगळ्यात कुठे होता? जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ४७व्या कलमात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. तिच्यात सहा अटी आहेत आणि सहाही एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. त्यातली एक अशी की, तो माणूस लढणाऱ्या पक्षाच्या सैन्याचा सदस्य नसावा. सरकारने कागदोपत्री भरती करून घेतली की व्याख्येतून सुटका. सँडलाइनने ३१ जानेवारी १९९७ रोजी पापुआ न्यू गिनीच्या सरकारशी ३.६ कोटी डॉलरचा जो करार केला, त्याचा मजकूर आज उपलब्ध आहे. त्यात कंपनीच्या माणसांना त्या देशाचे विशेष कॉन्स्टेबल म्हणून नोंदवावे आणि त्यांचा कंपनीतला लष्करी हुद्दा तसाच चालावा, अशी तरतूद आहे. वकिलाने ४७वे कलम समोर ठेवून लिहिलेले हे वाक्य आहे, असे मला ते वाचताना प्रत्येक वेळी वाटते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८७ पासून भाडोत्री सैनिकांच्या प्रश्नावर एक विशेष प्रतिवेदक नेमलेला होता, पेरूचे एनरिके बर्नालेस बालेस्तेरोस. सिएरा लिओनबद्दल त्यांचे मत असे की, कंपनीच्या अस्तित्वाने राज्यकारभार सावरल्याचा आभास झाला. पण जे मूळ प्रश्न सेवा विकणारी कंपनी कधी सोडवूच शकत नाही, ते जागच्या जागी राहिले. निदान अचूक आहे. १९९५ साली स्ट्रॅसरने दुसरे काय करायला हवे होते, याचे उत्तर मात्र त्या निदानात नाही.

यानंतरचे प्रकरण ब्रिटनमध्ये गाजले. कब्बा गिनीत परागंदा असताना सुरक्षा परिषदेने ८ ऑक्टोबर १९९७ रोजी ११३२ क्रमांकाचा ठराव करून सिएरा लिओनवर शस्त्रबंदी घातली. कब्बांना परत बसवण्यासाठी टिम स्पायसर यांच्या सँडलाइनने बल्गेरियातून सुमारे ३५ टन शस्त्रे आणली. पैसा पुरवणार होता राकेश सक्सेना, हा मूळचा भारतीय, थायलंडमधल्या बुडालेल्या बँकॉक बँक ऑफ कॉमर्स प्रकरणात हवा असलेला आणि तेव्हा कॅनडात प्रत्यार्पणाविरुद्ध लढत असलेला गृहस्थ. मोबदला पुन्हा खनिजांतूनच. फेब्रुवारी १९९८ मध्ये शस्त्रे लुंगी विमानतळावर उतरली, तोवर नायजेरियाच्या नेतृत्वाखालच्या इकोमॉग या पश्चिम आफ्रिकी फौजेने फ्रीटाउन घेतलेही होते. एप्रिलमध्ये ब्रिटिश कस्टम्सने सँडलाइनच्या कचेरीवर छापा घातला. त्यावर कंपनीच्या वकिलांनी २४ एप्रिलला परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांना पत्र धाडले: जे केले ते तुमच्याच खात्याला सांगून केले.

चौकशी सर थॉमस लेग आणि सर रॉबिन इब्स यांच्याकडे गेली. २७ जुलै १९९८ चा त्यांचा अहवाल वाचायला रूक्ष आहे, पण त्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. शस्त्रबंदी कायद्याच्या शब्दाप्रमाणे साऱ्या सिएरा लिओनवर होती, म्हणजे कब्बांच्या बाजूवरही. परराष्ट्र खात्याची पत्रके आणि निवेदने मात्र तिचे वर्णन ‘उठावखोर राजवटीवरची बंदी’ असे करत होती. खात्याने स्वतःच्या आदेशाचा सारांश सोयीने केला आणि पुढे अधिकारीच त्या सारांशावर विश्वास ठेवू लागले. अहवालाने मंत्र्यांना निर्दोष ठरवले. सिएरा लिओनमधले ब्रिटिश उच्चायुक्त पीटर पेनफोल्ड यांनी कंपनीच्या योजनेला काही अंशी मान्यता दिली, तसा त्यांना अधिकार नव्हता, असा निष्कर्ष काढला. आणि दोष मुख्यतः खात्याच्या कामकाजाच्या पद्धतीवर टाकला. खटला भरला गेला नाही. जूनमध्ये सुरक्षा परिषदेने ११७१ व्या ठरावाने सरकारवरची बंदी उठवली, म्हणजे ज्या कृत्याची चौकशी चालू होती ते एव्हाना कायदेशीर झाले होते. फ्रीटाउनमध्ये पेनफोल्ड यांची लोकांनी मिरवणूक काढली होती. लंडनमध्ये त्यांना जाब द्यावा लागला.

याच उन्हाळ्यात, २६ जून १९९८ रोजी, महासचिव कोफी अन्नान यांनी इंग्लंडमधल्या डिचली येथे व्याख्यान दिले. कंपन्यांचे समर्थक त्यातली एक कबुली नेहमी उद्धृत करतात. गोमा इथल्या रुआंडी निर्वासितांच्या छावण्यांत लढवय्ये आणि सामान्य निर्वासित यांना वेगळे करायला कुशल सैनिक हवे होते, तेव्हा खासगी कंपनी नेमण्याचा विचार आपल्याही मनात आला होता, असे अन्नान म्हणाले. आणि पुढे, शांततेचे खासगीकरण करायला जग बहुधा तयार नसावे. गोमाच्या छावण्यांत प्रत्यक्षात काय झाले? देशांनी सैनिक दिले नाहीत, कंपनीही नेमली गेली नाही. १९९५ च्या सुरुवातीला निर्वासित उच्चायुक्तालयाने झाईरचे १५०० सैनिक पगारावर घेतले, आणि त्यात तिथला हुकूमशहा मोबुतू याच्या राष्ट्राध्यक्षीय पथकातली माणसे होती. भाड्याने सैनिक घेणे जगाला नामंजूर होते असे नव्हे. ते कोणाकडून घेतो याचा कागद नीट दिसला की पुरे होते.

दक्षिण आफ्रिकेने १९९८ साली परदेशांतल्या लष्करी साहाय्यावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि एक्झिक्युटिव्ह आउटकम्सने १९९९ च्या पहिल्या दिवसापासून दुकान बंद केले. ६ जानेवारीला बंडखोर फ्रीटाउनमध्ये शिरले. दोन-तीन आठवडे शहरात जे चालले, हात तोडणे, घरे पेटवणे, मुलींना उचलून नेणे, ते ह्यूमन राइट्स वॉचने आणि पुढे २००४ च्या सत्य व समेट आयोगाने साक्षीदारांच्या तोंडून नोंदवले आहे. त्याच नोंदींत इकोमॉगच्या सैनिकांनी संशयितांना रस्त्यात गोळ्या घातल्याचेही पुरावे आहेत. सरकारी गणवेशाने माणूस आपोआप कायद्याच्या चौकटीत येत नाही. कंपन्यांना विरोध करणाऱ्यांनी हे पान वगळू नये.

जुलै १९९९ च्या लोमे कराराने सांकोला माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि खनिज आयोगाचे अध्यक्षपदही. हिऱ्यांच्या चाव्या चोराच्याच हाती! ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मंजूर झाली. तिचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजय जेटली. मे २००० मध्ये आरयूएफने पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुन येथे भारतीय बटालियनच्या दोन कंपन्या, २२० हून अधिक जवान, पंचाहत्तर दिवस वेढ्यात अडकल्या. वेढ्यातल्या या तुकडीचे नेतृत्व करणारे मेजर राजपाल पुनिया मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे. या रेजिमेंटचे केंद्र आपल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आहे. १५ आणि १६ जुलैला भर पावसात ‘ऑपरेशन खुकरी’ झाले. भारतीय हेलिकॉप्टरे, गुरखा, पॅरा कमांडो आणि दोन ब्रिटिश शिनूक यांच्या जोरावर तुकड्या लढत बाहेर पडल्या. एक जवान धारातीर्थी पडला. निळ्या टोपीचे सैनिक लढूच शकत नाहीत, म्हणून कंपन्या हव्यात, या युक्तिवादाला खुकरीने उत्तर दिले. अर्थात ही लढाई स्वतःच्याच माणसांच्या सुटकेसाठी होती. कोनोतल्या गावकऱ्यांसाठी तशी मोहीम तेव्हा कोणी आखली नाही.

जेटली यांचे मे महिन्यातले गोपनीय टिपण सप्टेंबरमध्ये ब्रिटिश वृत्तपत्रातून फुटले. नायजेरियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंडखोरांशी हिऱ्यांवरून साटेलोटे आहे आणि तेच मोहिमेला सुरुंग लावत आहेत, असा त्यांचा आरोप होता. टिपण एका रागावलेल्या सेनापतीचे आहे, त्याची शहानिशा न्यायालयात झालेली नाही, आणि नायजेरियाने आरोप साफ फेटाळले. तेवढी सावधगिरी ठेवूनच ते वाचावे. परिणाम मात्र निर्विवाद आहे: त्याच महिन्यात भारताने आपले सुमारे तीन हजार सैनिक काढून घेत असल्याचे जाहीर केले. म्हणजे राष्ट्रेही निघून जातात. फरक एवढाच की, या वेळी जागा रिकामी राहिली नाही. इतर देशांच्या तुकड्या आल्या, ब्रिटिश सैन्य आधीच उतरले होते, आणि मार्च २००१ मध्ये शांतिसेनेची मंजूर संख्या १७,५०० वर गेली. आबिजानच्या बाराव्या कलमात जी अट कागदावर राहिली होती, ती चार वर्षांनी पाळली गेली.

या शांतिसेनेचा खर्च भरात असताना वर्षाला सुमारे ७० कोटी डॉलर होता. त्यात सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांची शस्त्रे उतरवली गेली, जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली, मे महिन्यात निवडणूक झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये शांतिसेना परतली. कंपन्याही या सगळ्यात कुठे ना कुठे होत्याच. सरकारचे एकमेव लढाऊ एमआय-२४ हेलिकॉप्टर उडवणारा नील एलिस हा जुना कंपनीवाला होता, आणि इकोमॉगची ने-आण करणारी हेलिकॉप्टरे अमेरिकी परराष्ट्र खात्याने एका खासगी कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. वाहतूक, दुरुस्ती, छावणी, इंधन या कामांत आज प्रत्येक शांतिमोहीम कंत्राटदारांवर चालते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. वाद आहे तो बंदूक चालवणाऱ्याबद्दल.

१२ फेब्रुवारी २००२ रोजी ब्रिटिश सरकारने खासगी लष्करी कंपन्यांच्या नियमनावर विचारपत्रिका काढली. संयुक्त राष्ट्रांनीही उद्या अशा कंपन्या नेमाव्यात ही कल्पना अगदीच टाकाऊ नाही, असा तिचा रोख होता. माझे मत त्याच्या उलट आहे, आणि ते भाडोत्री सैनिकांच्या तिटकाऱ्यातून आलेले नाही. फ्रीटाउनबाहेर १९९५ साली त्यांनी माणसे वाचवली. पण त्यांनी विकली ती एका बाजूची जीत. दोन बाजूंच्या मध्ये उभे राहण्याचे काम त्यांनी केले नाही, ते त्यांना सांगितलेही नव्हते. शत्रूला त्यांची हकालपट्टी वाटाघाटीत मागता आली, कारण त्यांच्या मागे कोणाचे राज्य नव्हते, फक्त बिल होते.

हिशेब मांडायचाच तर पुरा मांडावा. ३.५ कोटी डॉलर, अधिक ११४ दिवसांनी झालेला उठाव, अधिक कोइडूचा खाणपट्टा. यातली शेवटची रक्कम अजून मिटलेली नाही. ब्रँच एनर्जीचा तो पट्टा २००३ पासून कोइडू होल्डिंग्जकडे गेला, आणि डिसेंबर २००७ मध्ये खाणीतल्या सुरुंगांमुळे विस्थापित होणाऱ्या लोकांच्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात दोघे मेले. तेव्हा एक्झिक्युटिव्ह आउटकम्स बंद होऊन नऊ वर्षे आणि शांतिसेना परतून दोन वर्षे झाली होती.